पिवळं कार्ड वाचायचं कसं?

शेडनेटमध्ये मिरचीचा किंवा टोमॅटोचा बियाण्याचा प्लॉट घेणारे शेतकरी एक प्रश्न हमखास विचारतात : "पिवळे सापळे लावले, ते माश्यांनी भरूनही गेले. मग कोकडा आलाच कसा?"

प्रश्न रास्त आहे. सापळ्यांना पैसे मोजलेत, त्यांनी कीड पकडलेलीही डोळ्यांना दिसतेय, आणि तरी पानं वळून झाडाचा शेंडा आकसलाय, म्हणजेच कोकडा आलाय. चूक सापळ्याची नसते. आपण त्याच्यावर जे काम सोपवलेलं असतं, ते त्याचं मुख्य काम नसतं. तहसीलच्या आवारातलं पर्जन्यमापक पाऊस पाडत नाही की थांबवत नाही. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो तो त्यातल्याच आकड्याच्या भरवशावर. चिकट सापळा हेही आधी मोजण्याचं साधन आहे. तो कीड मारतो ते वरकड. मोजणी न करता लावलेला सापळा म्हणजे कोणी न बघितलेलं पर्जन्यमापक.

हे मोजमाप जालना जिल्ह्यात इतकं मोलाचं का, ते आधी पाहू.

१. नेटच्या आत काय चालतं

१९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्यानंतर इथे एकामागून एक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. आज जाफराबाद, भोकरदन, जालना तालुक्यांत आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाकडे रस्त्याने जाताना शेतात हिरवी-पांढरी नेट दिसतात, त्यांतली बरीचशी बियाण्यासाठीच उभारलेली असतात. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या पोकरा प्रकल्पातून शेडनेटला अनुदान मिळालं, तेव्हा ही संख्या आणखी वाढली.

बियाण्याच्या प्लॉटमधलं काम बाजारच्या भाजीपेक्षा फार नाजूक असतं. मादी वाणाच्या फुलाची कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाला नर वाणाचे पराग लावायचे. यालाच सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. एकेक फूल हाताने. हे काम बहुतेक ठिकाणी बाया करतात, आणि हंगामात सलग कित्येक आठवडे रोजची सकाळ त्या नेटमध्येच, झाडांना खेटून काढतात.

आता फवारणीचा हिशेब या कामाशी जोडून पाहा. आज औषध मारलं तर त्यानंतर काही काळ आत कोणालाही जाऊ देता कामा नये. पण कळी थांबत नाही. आज पुंकेसर काढायचे राहिले तर ती उद्या स्वतःच्याच परागाने फळते, आणि ते फळ बियाण्याच्या उपयोगाचं राहत नाही. म्हणजे नको असताना मारलेल्या फवारणीची किंमत औषधाच्या बाटलीवर छापलेली नसते. त्यात बुडालेल्या क्रॉसिंगचीही भर पडते. आणि ज्या बाया उघड्या बोटांनी ती ओली पानं बाजूला सारत काम करतात, त्यांच्या अंगावर जे जातं त्याचा हिशेब तर कोणीच लिहीत नाही. एक फवारणी टळली तरी माझ्या लेखी ती कार्डाची मोठी कमाई आहे.

२. जाळी असताना कीड येते कुठून

साधा हिशेब करू. ४० मेशची जाळी म्हणजे एका इंचात ४० धागे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. भागिले ४० केले तर प्रत्येक धाग्याच्या वाट्याला ०.६३ मिलिमीटर जागा आली. त्यातून धाग्याची जाडी, समजा ०.२ मिलिमीटर, वजा केली तर भोक उरलं साधारण ०.४ मिलिमीटर.

पांढरी माशी लांबीला सुमारे १ मिलिमीटर असते, पण छातीपाशी तिची रुंदी पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. फुलकिडा त्याहूनही सडपातळ. म्हणजे ४० मेशची जाळी पतंग, मधमाश्या आणि फळमाश्या अडवते. पांढऱ्या माशीचं येणं कमी करते. फुलकिड्याला मात्र ती फारशी आडवी येत नाही. मग आणखी बारीक जाळी का लावू नये? लावता येते, पण वारा खेळायचा थांबतो. एप्रिल-मे महिन्यात बाहेर पारा ४० अंशांच्या वर असताना आत झाड आणि माणूस दोघंही होरपळतात. जाळी निवडताना ही ओढाताण राहणारच.

जाळीखेरीज तीन वाटा आहेत. पहिली दाराची. एकच दार असलं आणि क्रॉसिंगच्या वेळी ते सताड उघडं राहिलं, तर बाकीच्या जाळीला अर्थ नाही. म्हणून दोन दारं आणि मध्ये छोटी खोली हवी. दुसरी वाट रोपांची. रोपवाटिकेतून आलेल्या ट्रेमध्ये पानांच्या खाली पांढऱ्या माशीची पिल्लं चिकटून आलेली असतात आणि आपणच त्यांना उचलून आत नेतो. तिसरी वाट कपड्यांची. पिवळा शर्ट घालून किंवा पिवळी साडी नेसून बाहेरच्या पिकातून नेटमध्ये गेलं की किडीही सोबत येतात. ही गंमत नाही; त्याचं कारण पुढच्याच भागात आहे.

आणि नेटच्या भोवती काय आहे? जालन्यात बहुतेक ठिकाणी कापूस. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही सगळी मंडळी पावसाळाभर कापसावर वाढतात. कापूस वाळू लागला की त्यांना हिरवं पान हवं असतं, आणि त्या वेळी शिवारातलं सगळ्यात कोवळं हिरवं नेमकं आपल्या नेटमध्ये असतं. शेजारच्या पऱ्हाट्या उपटल्या जातात त्या आठवड्यात कार्डाकडे रोज बघायला हवं.

३. पिवळाच रंग का

कोवळं पान आपल्याला हिरवं दिसतं, पण त्यावरून परतणाऱ्या प्रकाशात हिरव्यासोबत पिवळ्याचाही मोठा भाग असतो. पांढरी माशी, मावा, नागअळीची माशी या किडी उडता उडता हाच हिरवा-पिवळा उजेड शोधतात. गडद पिवळं कार्ड तोच उजेड खऱ्या पानापेक्षा कितीतरी जास्त फेकतं. किडीच्या डोळ्यांना ते अतिशय रसरशीत पान वाटतं, आणि ती त्यावर उतरते. शर्टाचंही तेच.

फुलकिडे पिवळ्यावर येतात, पण बऱ्याच जातींचा ओढा निळ्याकडे अधिक दिसतो. म्हणून मिरचीत पिवळ्यांच्या जोडीला काही निळी कार्डं लावतात. उघड्या शेतात निळ्यावर मधमाश्याही चिकटतात, ते वाईट. बियाण्याच्या नेटमध्ये ही अडचण नाही, कारण परक्या परागाची भेसळ नको म्हणून मधमाशीला तिथे मुळातच मज्जाव असतो.

४. कार्डाचं वाचन

इथे जरा थांबून बारकाईने बघू. आठवडाभर टांगलेलं पिवळं कार्ड उजेडात धरा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. पांढरा, पिठूळ, चार पंख अंगावर छपरासारखे मिटलेला ठिपका म्हणजे पांढरी माशी. जुनी झाली की डिंकात तिचं पीठ विरघळतं आणि नुसतं पिवळट अंग उरतं, त्यामुळे ताजी आणि शिळी ओळखता येते. स्वल्पविरामाएवढी बारीक, लांबट काडी दिसली, तिच्या पंखांना कडेने केसांची झालर असली, तर तो फुलकिडा. काळी, पाठीवर पिवळा ठिपका असलेली चिमुकली माशी म्हणजे नागअळीची आई. पानावरच्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा तिच्या पिल्लांच्या. बारीक कमरेचे काळे जीव बहुतेकदा परोपजीवी गांधीलमाश्या असतात. त्या आपल्या बाजूच्या. त्यांना किडीत मोजू नका.

कार्ड झाडाच्या शेंड्याच्या किंचित वर, उभं टांगावं. झाड वाढेल तसं वर सरकवावं. महिनाभर एकाच उंचीवर राहिलेलं कार्ड पानांत बुडतं आणि मग ते काहीच सांगत नाही. एकरी १० ते १२ कार्डं पाहणीला लावतात. १० गुंठ्यांच्या नेटला त्या हिशेबाने ३ पुरतील, पण मी ५ लावा म्हणेन. एक दारापाशी, एक वाऱ्याच्या बाजूला, एक जुन्या पिकाला लागून असलेल्या कोपऱ्यात, दोन मधोमध. प्रत्येकावर क्रमांक आणि लावल्याची तारीख. दर आठवड्याला ठरलेल्या वारी मोजायचं, आणि मोजलेल्या किडींभोवती पेनाने गोल करायचा. पुढच्या वेळी गोलाबाहेरच्या तेवढ्या नव्या. काळ्या मातीची धूळ बसून चिकटपणा गेला की कार्ड बदलायचं. उन्हाळ्यात ते लवकर करावं लागतं. विकतचं कार्ड नसेल तर पिवळा रंग दिलेल्या पत्र्यावर ग्रीस किंवा एरंडेल लावूनही चालतं, फक्त पुसून पुन्हा लावायची चिकाटी हवी.

आता आकडे. समजा एका आठवड्यात पाच कार्डांवर पांढऱ्या माश्या आल्या ४, ६, ५, ३१ आणि ७. बेरीज ५३, सरासरी साडेदहा. कोणी सरासरीच बघितली तर म्हणेल की सगळ्या नेटमध्ये माशी वाढली, पंप काढा. पण ३१ चं कार्ड दारापाशी आहे. बाकी चारांची सरासरी साडेपाच. म्हणजे माशी आत वाढत नाहीये, ती दारातून येतेय. इथे औषधाच्या आधी दाराची फाटकी जाळी शिवायची आणि दारालगतच्या चार-सहा ओळींच्या पानांखाली बघायचं. तेच आकडे १०, ११, ९, १२ आणि ११ असते, तर बेरीज तीच ५३, पण अर्थ पार वेगळा : कीड आतच वाढतेय आणि सगळीकडे पसरलीय. म्हणून कार्डांची बेरीज लिहून भागत नाही, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहायचा.

शिवाय एका आठवड्याच्या आकड्यापेक्षा चार आठवड्यांचा कल बोलका असतो. ३, ५, ११, २४ अशी चाल दिसली तर २४ आकडा लहान वाटला तरी पुढच्या आठवड्यात ५० येणार, हे कळतं.

५. किती झाल्या की फवारायचं

१९५९ साली कॅलिफोर्नियातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा पाया त्या लेखाने घातला. त्यांचं म्हणणं असं की शेतात कीड दिसणं आणि कीड नुकसान करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे किडीमुळे होणारं नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा मोठं होऊ लागतं, त्याच्या थोडं आधी हात उचलायचा. या टप्प्याला आपल्याकडे आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कापसातला आकडा जालन्यात अनेकांना पाठ आहे : कामगंध सापळ्यात रोज ८ पतंग, असं सलग तीन दिवस आलं की गुलाबी बोंडअळीचा इशारा समजायचा.

मग नेटमधल्या पांढऱ्या माशीचा असाच एक आकडा का सांगत नाहीत? कारण ती दोन प्रकारे नुकसान करते. रस शोषते ते नुकसान माश्यांच्या संख्येने वाढतं; तिथे थोडी माशी झाड सोसतं. पण तीच माशी पर्णगुच्छाचा विषाणू वाहून आणते. रोगट झाडावर काही मिनिटं ते अर्धा तास रस पिऊन ती विषाणू घेते, आणि त्यानंतर उरलेलं आयुष्य तो वाटत फिरते. बाहेरून आलेल्या पाच माश्यांपैकी एक जरी अशी असली तरी रोपांची ओळ जाऊ शकते. म्हणून लावणीनंतरच्या पहिल्या महिना-सव्वा महिन्यात कार्डावर माशी दिसू लागणं हाच इशारा मानायचा. पानं उलटून बघायची, रोगट रोप दिसलं की उपटून पिशवीत भरून बाहेर न्यायचं. झाड मोठं होऊन फळं भरू लागल्यावर मात्र तेवढ्याच माश्यांनी घाबरून जायचं कारण नाही. आकडा तोच, पण पिकाच्या वयाप्रमाणे निर्णय बदलतो.

हात उचलायचा म्हणजे थेट जहाल औषधही नव्हे. ५ टक्के निंबोळी अर्क, मग हवेत ओलावा असताना लेकॅनिसिलियमसारखी किडीला मारणारी बुरशी, आणि त्यानंतर रासायनिक औषध, तेही दर वेळी वेगळ्या गटातलं, अशी चढण ठेवावी. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की त्याला दाद न देणाऱ्या माश्याच मागे उरतात, आणि त्यांचीच पुढची पिढी होते.

६. कोकडा आणि कार्डाला न दिसणारी कीड

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. मिरचीवर कोकडा तीन वेगळ्या कारणांनी येतो. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान अरुंद होऊन देठ लांबला तर कोळी. पानं बारीक, पिवळट होऊन शेंड्यात गुच्छ झाला आणि झाड खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू.

यातल्या कोळ्याला पंखच नसतात. तो कार्डावर कधीच येणार नाही. मिरचीवरचा पिवळा कोळी तर नुसत्या डोळ्यांनाही दिसत नाही, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना तो चक्क पांढऱ्या माशीच्या पायांना धरून जातो. कार्ड कोरं आणि शेंडे खाली वळलेले, असं असेल तेव्हा भिंग घेऊन कोवळ्या पानाच्या पाठीलाच विचारावं लागतं. फुलकिड्यांचंही सगळं कार्डावर येत नाही : त्यांची अंडी पानाच्या आत, पिल्लं फुलात, कोष बहुतेक मातीत. उडतं ते फक्त प्रौढ. म्हणजे कार्ड भरलं तेव्हा पानांवर त्याच्या कितीतरी पट पिल्लं असू शकतात. २०२१ मध्ये आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकात मिरचीची फुलं पोखरणाऱ्या नव्या काळ्या फुलकिड्याचा मोठा उद्रेक झाला. ही जात भारतात पहिल्यांदा २०१५ मध्ये बंगळुरूला पपईवर नोंदली गेली होती. ती फुलांतच दडून बसते, म्हणून दर आठवड्याला कार्डासोबत दहा-वीस फुलं पांढऱ्या कागदावर झटकून बघायलाच हवीत. क्रॉसिंग करणाऱ्या बाया रोज शेकडो फुलं हातात घेतात. फुलात काही वळवळताना दिसलं तर कुठल्या ओळीत, हे त्यांना विचारा. त्यांच्याइतकी बारीक पाहणी दुसरं कोणीच करत नाही.

७. वासाचे सापळे

योगायोग असा की आर्थिक नुकसानीच्या पातळीचा तो लेख आला त्याच १९५९ साली जर्मनीत अ‍ॅडॉल्फ ब्यूटेनांट यांनी सुमारे ५ लाख रेशीम पतंगांच्या माद्यांमधून नराला बोलावणारं द्रव्य वेगळं काढलं. कामगंध सापळ्यांच्या मागे हे काम आहे. मादीचा गंध रबरी गोळीत भरायचा, नर शोधत येतो आणि अडकतो. प्रत्येक जातीचा गंध वेगळा, त्यामुळे बोंडअळीची गोळी टोमॅटोवरच्या पतंगाला चालत नाही.

टोमॅटोवरचा टूटा हा पतंग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. भारतात तो २०१४ मध्ये पुण्याच्या भागात पहिल्यांदा सापडला. त्याची अळी पान आणि फळ दोन्ही पोखरते. त्याच्यासाठी गंधाची गोळी पाण्याच्या पसरट भांड्यावर टांगतात, पाण्यात थोडं तेल किंवा साबण टाकतात. नर पाण्यात पडतो.

पण इथेही मोजणी आणि मारणी यांत घोळ करू नका. समजा नेटमध्ये १०० नर आणि १०० माद्या आहेत आणि सापळ्यांनी ९० नर धरले. उरलेल्या १० नरांपैकी प्रत्येक जण रोज एका मादीशी जुळला तरी दहा दिवसांत शंभरही माद्या फळतील. त्यात बाहेरून आधीच फळलेली मादी आत शिरली, तर तिला सापळ्याशी देणंघेणंच नाही. म्हणून एखाद-दुसरा कामगंध सापळा तारीख सांगतो : पतंग दिसू लागले, आठवडाभरात पानांवर अळी शोधा. बंद नेटमध्ये, अगदी सुरुवातीपासून आणि भरपूर संख्येने लावले, तरच ते कीड कमी करण्याच्या कामाला येतात.

प्रकाश सापळ्याबद्दल एवढंच की तो नेटच्या आत लावू नये. दिव्याने बाहेरचे पतंगही जाळीपर्यंत ओढले जातात, आणि त्यांतला एखादा दारातून आत येतोच.

८. मग सापळ्यांनी कीड कमी होतच नाही?

होते, काही अटींवर. कीड थोडी असताना, नेट घट्ट असताना, दारापाशी आणि कडेला पिवळ्या चिकट पट्ट्या दाट लावल्या तर आत येणाऱ्या माश्यांचा बराच भाग तिथेच अडतो. एकदा पानांखाली पिल्लं झाली की कार्डं कितीही वाढवा, पिल्लं उडत नाहीत. आणि मित्रकीटक सोडायचे असतील तर दाट लावलेली कार्डं आधी काढून, मोजणीपुरती तेवढी ठेवायची. नाहीतर पैसे देऊन आणलेले मित्रकीटक त्याच डिंकात जातात.

अडलं तर खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र जालन्याला लागूनच आहे. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचं हे केंद्र. तिथे जाताना रोगट फांदीसोबत तारखांसह सगळी कार्डं घेऊन जा. फांदीवरून आजचं दुखणं कळतं, कार्डांवरून ते कधी आणि कुठल्या बाजूने आलं ते.

९. प्लॉट संपल्यावर

शेवटची तोडणी झाली की बहुतेक जण कार्डं काढून टाकतात. खरं तर तेव्हा ती ठेवायला हवीत. झाडं आणि तण उपटून बाहेर नेलं, नेट बंद केलं, की पांढऱ्या माशीला खायला काही उरत नाही आणि ती काही दिवसांत मरते. फुलकिड्यांचे कोष मात्र मातीत असतात. त्यांतून प्रौढ निघत राहतात आणि रिकाम्या नेटमध्ये त्यांना रंगीत दिसतं ते फक्त कार्ड. उन्हाळ्यात वाफे ओले करून पारदर्शक प्लास्टिकने झाकून तापवले, तर हे काम लवकर होतं. नवी कार्डं लावा, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, आणि सलग एक आठवडा कार्डावर नवा फुलकिडा आला नाही की मगच रोपांची गाडी बोलवा. गाडी आली तरी ट्रे उतरवण्याआधी प्रत्येकातलं एकेक रोप उचलून पानाची खालची बाजू भिंगाखाली बघा, आणि पहिलं कार्ड त्याच दिवशी टांगा.